सगळे वाचायची परवानगी

ब्राउझरमध्ये खासगीपणा जपणारे एखादे एक्स्टेन्शन बसवायला गेलात की एक छोटी चौकट उघडते. तुम्ही उघडाल त्या प्रत्येक संकेतस्थळावरचा तुमचा सगळा डेटा हे एक्स्टेन्शन वाचू शकेल आणि बदलूही शकेल, अशा अर्थाचे वाक्य तिथे असते आणि खाली बटण. बहुतेक लोक वाक्य न वाचताच बटण दाबतात. वाचले तरी फारसा दुसरा मार्ग नसतो, कारण पानावर काय काय येते आहे हे पाहिल्याशिवाय त्यातले नको ते अडवायचे कसे? जाहिरात कंपन्यांची पाळत टाळायची म्हणून आपण एका तिऱ्हाइताला सगळे पाहायची मुभा देतो. सोसायटीतल्या चोऱ्यांना कंटाळून सगळ्या फ्लॅटच्या किल्ल्या वॉचमनच्या हाती द्याव्यात तसा हा व्यवहार आहे. वॉचमन भला असेल तर उत्तमच. पण एजन्सी बदलली आणि त्याच गणवेशात भलताच माणूस येऊन बसला तर?

या प्रकारच्या एक्स्टेन्शनना आता वीस वर्षांहून जास्त काळ लोटला आहे. इतक्या काळात वापरणाऱ्यांना आलेले बरेवाईट अनुभव एकत्र ठेवून पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. लोक फसले ते बहुतेक वेळा तंत्र कमी पडले म्हणून नव्हे, तर एक्स्टेन्शनचा मालक कोण आणि त्याचे पोट कशावर चालते हे त्यांना ठाऊक नव्हते म्हणून.

सुरुवात अगदी साधी होती. २००२ मध्ये हेन्रिक सोरेन्सन या डॅनिश तरुणाने 'अ‍ॅडब्लॉक' लिहिले. व्लादिमिर पालांत याने २००६ मध्ये ते नव्याने बांधले आणि 'अ‍ॅडब्लॉक प्लस' घरोघरी पोचले. तेव्हा लोकांचा राग पाळतीवर नव्हता. तो उड्या मारणाऱ्या जाहिरातींवर होता. पान लवकर उघडावे एवढीच अपेक्षा होती आणि ती पुरी झाली. मग २०११ मध्ये या मंडळींनी जर्मनीत आयो नावाची कंपनी काढली आणि 'स्वीकारार्ह जाहिराती' ही योजना आणली. ज्या जाहिराती अंगावर येत नाहीत त्यांना वाट मोकळी, आणि मोठ्या जाहिरातदारांनी या वाटेसाठी पैसे मोजायचे. कल्पना वाईट नव्हती. मराठीतल्या छोट्या वृत्तस्थळांची अवस्था पाहता कुणीतरी मधला रस्ता काढायलाच हवा होता, असे मला आजही वाटते. पण वापरणाऱ्यांच्या नजरेतून पाहिले तर ज्याला अडवायला ठेवले तोच पैसे घेऊन काहींना आत सोडतो आहे, असे ते चित्र होते. योजना बंद करायची सोय सेटिंगमध्ये होती. तरीही त्या दिवसापासून चोखंदळ लोकांचा एक मोठा गट दुसरीकडे वळला.

घोस्टरीची कथा याहून बोधप्रद आहे. २००९ च्या सुमारास आलेल्या या एक्स्टेन्शनची खुबी अशी की पानाच्या कोपऱ्यात जांभळ्या चौकटीत ते एकेका ट्रॅकरचे नाव दाखवे. आपण वाचतो आहोत एक बातमी आणि मागे वीस-पंचवीस कंपन्या उभ्या आहेत, हे असंख्य लोकांना पहिल्यांदा घोस्टरीमुळे डोळ्यांनी दिसले. पण लवकरच ती ज्या कंपनीच्या हाती गेली (पुढे तिचे नाव एव्हिडॉन झाले) तिचे गिऱ्हाईक खुद्द जाहिरात धंदाच होता. 'घोस्टरँक' नावाची एक सोय होती. ती स्वखुशीने सुरू केली तर कुठल्या पानावर कोणते ट्रॅकर भेटले ही माहिती कंपनीकडे जाई आणि कंपनी ती विके. विकत घेणारे कोण, तर ज्यांना अडवायचे तेच. माहिती निनावी होती आणि परवानगी घेतलेली होती, हे खरे. पण २०१३ मध्ये हा व्यवहार चर्चेत आला तेव्हा लोकांना फसल्यासारखे वाटले ते वाटलेच. २०१७ मध्ये घोस्टरी म्युनिकच्या क्लिक्झ कंपनीने घेतली, पुढच्या वर्षी तिचा कोड सर्वांसाठी खुला झाला, आणि हळूहळू विश्वास परत येऊ लागला. इतक्यात २५ मे २०१८ रोजी, युरोपचा जीडीपीआर कायदा लागू झाला त्याच दिवशी, वापरणाऱ्यांना पाठवलेल्या ईमेलमध्ये शेकडो जणांचे पत्ते एकमेकांना दिसतील अशा तऱ्हेने गेले. ईमेलमधला मजकूर होता, आम्ही तुमचा खासगीपणा कसा जपतो.

हसू येते, पण घोस्टरीच्या चुका तशा उघड्यावरच्या होत्या. खरे नुकसान झाले ते न दिसणाऱ्या व्यवहारांतून.

वेब ऑफ ट्रस्ट हे एक्स्टेन्शन कुठले संकेतस्थळ विश्वासार्ह आणि कुठले धोक्याचे हे हिरव्या-लाल खुणांनी सांगायचे. शाळांत, कचेऱ्यांत, जाणत्या लोकांच्या शिफारशीवरून ते बसवले जाई. २०१६ मध्ये जर्मनीच्या एनडीआर वाहिनीच्या पत्रकारांनी एका बनावट मार्केटिंग कंपनीचे सोंग घेऊन बाजारात विचारणा केली, तेव्हा सुमारे ३० लाख जर्मन लोकांचा ब्राउझिंगचा इतिहास त्यांना नमुन्यादाखल फुकट मिळाला. त्याचा एक उगम वेब ऑफ ट्रस्ट होता. माहिती निनावी असल्याचा दावा होता. स्वेया एकर्ट आणि आंद्रेआस डेवेस यांनी तो कसा मोडीत काढला ते मुद्दाम सांगण्यासारखे आहे. ट्विटरवर तेव्हा स्वतःच्या खात्याची आकडेवारी पाहायचे एक पान होते, त्याच्या पत्त्यात खातेदाराचे नाव असे आणि ते पान खातेदाराशिवाय कुणी उघडत नसे. लाखो पत्त्यांच्या ढिगात असा एक पत्ता सापडला की संपूर्ण साखळी एका माणसाच्या नावावर चढते. तिथून पुढे त्याने कोणत्या आजाराबद्दल शोधले, रात्री काय पाहिले, कुठे नोकरीसाठी अर्ज केला, सगळे मोकळे. या ढिगात एका न्यायाधीशाच्या खासगी सवयी होत्या, एका खासदाराच्या औषधांबद्दलचे शोध होते. एक्स्टेन्शन ब्राउझरांच्या दुकानांतून काढले गेले. विकला गेलेला डेटा परत आणायची काही सोय नाही.

२०१९ मध्ये सॅम जडाली या सुरक्षा संशोधकाने असाच प्रकार 'डेटास्पाय' या नावाने उघड केला. आठ एक्स्टेन्शन, सुमारे ४० लाख लोक. त्यांनी उघडलेल्या पानांचे पत्ते नाचो अ‍ॅनालिटिक्स नावाच्या सेवेवर वर्गणी भरून कुणालाही पाहता येत होते. कुणाची प्राप्तिकराची विवरणपत्रे, कुणाचा प्रवासाचा तपशील, कंपन्यांच्या आतल्या कामाची शीर्षके. त्याच वर्षी पालांतने अ‍ॅव्हास्ट या अँटीव्हायरस कंपनीच्या सुरक्षा एक्स्टेन्शनचा पाठपुरावा केला. तीही पानागणिक माहिती गोळा करत होती आणि जम्पशॉट ही कंपनीची उपशाखा ती विकत होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अ‍ॅव्हास्टवर १ कोटी ६५ लाख डॉलरचा भुर्दंड लावला. आणि डिसेंबर २०२५ मध्ये अर्बन व्हीपीएन या एक्स्टेन्शनवर ठपका आला की ते लोकांच्या एआय चॅटबॉटशी चाललेल्या गप्पा उचलते. क्रोमच्या दुकानात त्याचे ६० लाख वापरकर्ते होते, आणि गुगलने चांगल्या कामासाठी द्यायचा बिल्लाही त्यावर लावलेला होता. बिल्ल्यावर विसंबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

यापुढची पायरी विक्रीची. एक्स्टेन्शन लोकप्रिय झाले की त्याच्या विकासकाच्या ईमेलमध्ये अनोळखी लोकांचे प्रस्ताव येऊ लागतात: कोडच्या चार ओळी घाल, दरमहा इतके घे, किंवा सरळ विकून टाक. होव्हर झूम प्लसच्या विकासकाने अशा प्रस्तावांची यादीच जाहीर करून ठेवली आहे, ती वाचताना भाजीबाजारातल्या दलालांची आठवण येते. बहुतेक विकासक एकटे असतात, फुकट काम करत असतात, तक्रारींनी वैतागलेले असतात. कुणी विकले तर त्याला दोष देणे सोपे आहे. २०२० मध्ये नॅनो अ‍ॅडब्लॉकर आणि नॅनो डिफेंडर या जोडीचे तेच झाले. विक्री झाली, काही दिवसांत नवी आवृत्ती आली, आणि लोकांना आपल्या इन्स्टाग्राम खात्यावरून आपण न पाहिलेल्या छायाचित्रांना लाइक गेलेले दिसू लागले. एक्स्टेन्शन आपोआप अद्ययावत होते. मालक बदलला म्हणून कुणी तुम्हाला विचारत नाही. जुन्या मालकाला दिलेली परवानगी नव्या मालकाकडे तशीच जाते. सातबारावर फेरफार व्हायचा तरी नोटीस निघते, हरकतीला मुदत असते.

विकले नाही तरी चोरीची भीती असतेच. डिसेंबर २०२४ मध्ये, नाताळच्या आदल्या दिवशी, सायबरहेवन या कंपनीच्या कर्मचाऱ्याला क्रोमच्या दुकानाच्या नावे एक खोटे पत्र आले. नियमभंग झाला आहे, एक्स्टेन्शन काढले जाईल. त्याने घाईत परवानगी दिली आणि घुसखोरांनी ४ लाख लोकांच्या ब्राउझरमध्ये आपली आवृत्ती उतरवली. या कंपनीचा धंदा डेटा गळू नये म्हणून राखण करण्याचा.

एवढे वाचून कुणी सगळीच एक्स्टेन्शन काढून टाकली तर ते चूक ठरेल, कारण दुसऱ्या बाजूलाही भरघोस पुरावा आहे. अमेरिकेच्या एफबीआयनेच डिसेंबर २०२२ मध्ये शोधयंत्रांतल्या फसव्या जाहिरातींपासून वाचायला जाहिरात अडवणारे एक्स्टेन्शन वापरा, असा सल्ला दिला होता. आणि या पिकात यूब्लॉक ओरिजिनसारखे उदाहरणही आहे. कॅनडातल्या रेमंड हिल याने २०१४ मध्ये यूब्लॉक लिहिले. पसारा झेपेना म्हणून २०१५ मध्ये त्याने ते दुसऱ्याकडे सोपवले. नव्या हातांनी देणग्या मागायला सुरुवात केली तेव्हा हिलने स्वतःची शाखा वेगळी काढून तिला 'ओरिजिन' हे शेपूट जोडले. जुने नुसते यूब्लॉक पुढे विकले गेले आणि त्यात 'स्वीकारार्ह जाहिराती' आल्या. त्यामुळे आजही एकसारख्या नावाच्या दोन वस्तू बाजारात आहेत आणि नवखा माणूस हमखास गोंधळतो. हिल देणगी घेत नाही. द्यायचेच असेल तर गाळणीच्या याद्या सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांना द्या, असे तो सांगतो. त्या याद्या हेच खरे काम आहे. इझीलिस्टसारख्या याद्यांत हजारो नियम असतात आणि रोज कुणीतरी त्यात भर घालते. भारतीय भाषांतल्या संकेतस्थळांसाठी इंडियनलिस्ट नावाची वेगळी यादी आहे. मराठी बातम्यांच्या पानावर दोन परिच्छेदांमध्ये घुसलेली जाहिरात नाहीशी झाली तर त्यामागे अशाच एखाद्या अनाम माणसाची रिकामी दुपार असते.

रोजच्या वापराचा अनुभव मात्र इतका उदात्त नाही. पहिला आठवडा आकड्याच्या नादात जातो. आयकॉनवर २७ दिसतात, ४३ दिसतात, माणूस खूश होतो, शेजारच्यालाही दाखवतो. हा आकडा फारसे काही सांगत नाही. एखादी स्क्रिप्ट दारातच अडवली तर तिच्यामागून येणाऱ्या दहा विनंत्या उद्भवतच नाहीत, म्हणजे कडक एक्स्टेन्शनचा आकडा ढिल्यापेक्षा कमी दिसू शकतो. ज्यांनी दोन-तीन एक्स्टेन्शन शेजारी-शेजारी बसवून आकड्यांची शर्यत लावली त्यांनी स्वतःचा ब्राउझर जड करून घेतला, एवढेच.

दुसऱ्या आठवड्यात पाने मोडायला लागतात. लॉगिन केले की पुन्हा लॉगिनचेच पान. व्हिडिओच्या जागी पांढरा चौकोन. पैसे भरून बँकेच्या पानावरून परत येताना चक्र गोल गोल फिरत राहते आणि वर ताकीद असते की रिफ्रेश करू नका, मागे जाऊ नका. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना शेवटच्या तारखेला, रात्री साडेअकरा वाजता हे झाले तर खासगीपणाचे तत्त्वज्ञान कुणाला सुचणार? माणूस एक्स्टेन्शन बंद करतो, अर्ज भरतो आणि ते पुन्हा सुरू करायचे विसरतो. ज्या साइटवर अडले तेवढ्यापुरतेच ते बंद करता येते, ही सोय बहुतेक सगळ्यांत आहे, पण ती ठाऊक असणारे थोडे. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या लॅपटॉपवर दिवाळीला आलेला भाचा एक्स्टेन्शन बसवून जातो आणि मग वर्षभर त्याला फोन येत राहतात. काही वेळा दोष खरोखर एक्स्टेन्शनचा असतो, काही वेळा त्या संकेतस्थळाचाच, आणि तो कुणाचा हे सामान्य माणसाला कळायची काही व्यवस्था नाही. नोस्क्रिप्टसारखे सगळ्या स्क्रिप्ट बंद करून एकेक हाताने उघडायला लावणारे एक्स्टेन्शन म्हणूनच २००५ पासून आहे आणि आजही तंत्रज्ञांपुरतेच उरले आहे.

मोडतोड कमी व्हावी म्हणून इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने २०१४ मध्ये प्रायव्हसी बॅजर आणले. याद्या नकोत, निरीक्षण हवे, ही त्यामागची कल्पना. एकच तिऱ्हाईत तीन वेगवेगळ्या संकेतस्थळांवर तुमचा माग काढताना दिसला की त्याला अडवायचे. वापरता वापरता शिकणारे एक्स्टेन्शन लोकांना फार आवडले. पण गुगलच्या सुरक्षा पथकाने दाखवून दिले की प्रत्येकाचा बॅजर वेगळे शिकतो, म्हणून त्याच्या अडवण्याच्या तऱ्हेवरूनच माणूस ओळखता येऊ शकतो. २०२० मध्ये संस्थेने घरचे शिक्षण बंद केले. आता बॅजर संस्थेकडूनच शिकून येतो. चूक मान्य करून आवडती गोष्ट काढून टाकणारे विरळाच, हे श्रेय द्यायला हवे. याच संस्थेने २०१० मध्ये केलेल्या पाहणीत सुमारे ८४ टक्के ब्राउझर आपापल्या खुणांवरून एकमेवाद्वितीय निघाले होते. जास्त एक्स्टेन्शन म्हणजे जास्त खुणा. पाळतीच्या धास्तीने दहा-दहा एक्स्टेन्शन बसवणारा माणूस गर्दीत उलट उठून दिसतो.

बरेचसे काम आता ब्राउझरांनी स्वतःकडे घेतले आहे. सफारीने मार्च २०२० पासून तिऱ्हाइतांच्या कुकी सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सने जून २०२२ मध्ये प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगळ्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. क्रोमने २०२० मध्ये दोन वर्षांचे आश्वासन दिले, पुढे ढकलत नेले आणि एप्रिल २०२५ मध्ये बेत सोडला. जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीकडून दुसरी अपेक्षा करणे भाबडेपणाचे होते.

त्याच कंपनीने, म्हणजे गुगलने, आणलेल्या मॅनिफेस्ट व्ही३ या नव्या नियमावलीवरचा संताप त्यामुळे समजण्यासारखा आहे. पूर्वी एक्स्टेन्शन प्रत्येक विनंती हातात घेऊन तपासायचे. आता त्याने नियमांची यादी आधी ब्राउझरकडे द्यायची आणि अडवायचे काम ब्राउझर करणार, तेही नियमांच्या संख्येला मर्यादा घालून. २०२४ च्या मध्यापासून क्रोमने जुनी एक्स्टेन्शन बंद करायला घेतली आणि २०२५ मध्ये ती पुरती बाद झाली. यूब्लॉक ओरिजिनचे तीन कोटींहून अधिक लोक एका सकाळी इशाऱ्याच्या पट्टीसमोर बसले. काही फायरफॉक्सकडे गेले, काहींनी हिलचीच 'लाइट' आवृत्ती घेतली, आणि अनेकांनी काहीच केले नाही. लाइट कमी पडते, विशेषतः डाव बदलत राहणाऱ्या व्हिडिओ-जाहिरातींपुढे. पण एक बाब गुगलच्या टीकाकारांनी मोकळेपणी मान्य केलेली नाही: लाइटच्या सर्वांत सौम्य पातळीला सगळी पाने वाचायची परवानगी लागतच नाही. अडवणारा ब्राउझरच असल्याने एक्स्टेन्शनला काही पाहावे लागत नाही. वेब ऑफ ट्रस्टची कथा आठवली की याचे मोल कळते. गुगलचा हेतू शंकास्पद असू शकतो, तरी युक्तिवादाचा हा भाग खोटा नाही.

फायरफॉक्सही धुतल्या तांदळाचे नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांच्या तपासनिसांनी याच लाइट आवृत्तीवर चुकीचे आक्षेप घेतले आणि वैतागलेल्या हिलने ती तिथल्या दुकानातून काढून घेतली.

या सगळ्या चर्चेत महाराष्ट्रातला बहुसंख्य वाचक कुठे आहे? तो फोनवर आहे, आणि अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन बसवताच येत नाहीत. फोनवर एक्स्टेन्शन चालवणारा किवी ब्राउझर जाणकारांत प्रिय होता. जानेवारी २०२५ मध्ये त्याच्या विकासकाने काम थांबवले. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्सने डिसेंबर २०२३ मध्ये शेकडो एक्स्टेन्शनना दार उघडले आणि यूब्लॉक ओरिजिन तिथे पूर्ण ताकदीने चालते. हा आजचा सर्वांत सोपा मार्ग, तरी तो वापरणारे मोजकेच. शिवाय फोनवरचा निम्माअधिक वेळ ब्राउझरमध्ये जातच नाही. अ‍ॅपमध्ये जातो, आणि तिथे कुठलेही एक्स्टेन्शन पोचत नाही. अँड्रॉइड ९ पासून असलेल्या 'प्रायव्हेट डीएनएस' या सेटिंगमध्ये जाहिराती गाळणाऱ्या सेवेचा पत्ता टाकला तर अ‍ॅपमधलेही काही ट्रॅकर थांबतात. फक्त, तुमचा फोन कुठे कुठे जातो ते मग त्या सेवेला दिसते.

आपल्याकडचा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य तरतुदी लागू व्हायला दीड वर्षाची मुदत आहे. त्यात संमती स्पष्ट आणि विशिष्ट हेतूपुरती हवी, असे म्हटले आहे. एक्स्टेन्शन बसवताना उघडणारी ती चौकट या कसोटीवर कशी उतरेल, आणि मालक बदलल्यावर जुनी संमती चालेल का, हे प्रश्न एखाद्या तक्रारदाराने नेटाने लावून धरायला हवेत. तोवर आपल्या हातात एक छोटे काम आहे: ब्राउझरच्या एक्स्टेन्शनच्या पानावर जायचे, वर्षभर न वापरलेले प्रत्येक काढायचे, आणि उरलेल्यांत ज्याला चालेल त्याची परवानगी 'सर्व साइट'वरून 'क्लिक केल्यावर' अशी बदलायची.